बांधाकडची ओळ

मोजणीचे साहेब पुढं चालत होते आणि त्यांच्या मागं शेजारच्या रानातल्या काकूंचा मुलगा चुन्याची फक्की टाकत येत होता. मार्चचा पहिला आठवडा. सकाळचे अकराच वाजले होते, पण ऊन डोक्यावर चढलं होतं. द्राक्षाचा माल उतरायला आठ दिवस राहिले होते. मण्यांवर पांढुरकी साय धरली होती, बोट लागलं की पुसली जाते ती. फक्कीची रेघ बांधावरून जाणार असं मी आणि दादानं धरूनच ठेवलं होतं. ती बांधाच्या अलीकडं वळली, आमच्या मांडवाखाली शिरली आणि कडेच्या दोन ओळींमधून सरळ शेवटच्या अँगलपर्यंत गेली. बांधाकडची एक ओळ रेघेच्या पलीकडं राहिली. नऊ फूट रुंदीची, ऐंशी वेलींची. साहेबांनी नकाशा गुंडाळला, “ही ओळ त्यांच्या गटात येते” एवढंच म्हणाले आणि प्यायला पाणी मागितलं.

काकू बांधावर बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावरून पदर, हातात त्याच ओळीतला एक घड. खात नव्हत्या, नुसता धरून बसल्या होत्या. काहीतरी बोलायला हवं असं वाटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “काकू, पण यात आमचा काय दोष?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाज चढला नाही, कडवटही झाला नाही. “दोष कोन देतंय तुला पोरी,” त्या म्हणाल्या. “द्राक्षं मात्र तू खाल्ली.”

नाशिकला परतताना एसटीच्या खिडकीशी बसले होते. पायाशी आईनं दिलेली पिशवी, तिच्यात मधल्या ओळींतले घड. म्हसरूळ येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. चिडून बोलल्या असत्या तर मीही दोन शब्द बोलले असते. त्यांनी मला दोषातून मोकळं केलं होतं आणि त्याच दमात अडकवलंही होतं, आणि दोन्हींतलं काहीच खोडून काढता येत नव्हतं.

आबा, आमचे वडील, वाईट माणूस नव्हते. दारात आलेला माणूस त्यांनी कधी उपाशी पाठवला नाही, गावात कुणाच्या घरी मयत झाली तर सरण रचायला पहिले तेच. पण बांध कोरणं हा आमच्या भागात गुन्हा समजला जात नाही, हुशारी समजली जाते. काकूंचा नवरा मुंबईला गिरणीत होता. १९८२ च्या संपात काम कायमचं गेलं, गावी आला तो खचूनच, आणि दोन वर्षांत गेला. काकूंच्या पदरात दोन पोरं आणि सव्वा एकर. एकटीला कसणं होईना, रान पडीक राहिलं. त्या वर्षांत आमचा नांगर बांधाशी वळताना दर हंगामाला एक तास जास्त पलीकडं जायचा. एक तास म्हणजे वीतभर. बारा-पंधरा वर्षांत नऊ फूट. आधी तिथं कांदा निघायचा, अकरा वर्षांपूर्वी मांडव उभा राहिला तेव्हा अँगल त्याच हिशेबानं रोवले गेले. मी सातवीत असताना एका संध्याकाळी काकू दारात येऊन काही बोलत होत्या, आणि आईनं मला आत बसून अभ्यास करायला सांगितलं होतं. मी आत बसले. कान बाहेर होते. म्हणजे मला अगदीच काही ठाऊक नव्हतं, असंही नाही.

आबांना जाऊन सहा वर्षं झाली.

शरणपूर रोडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना टीचर म्हणतात. चार पिढ्या शरणपूरच्या. त्या रविवारी टीचर चर्चहून आल्यावर मी पिशवीतले घड घेऊन त्यांच्याकडं गेले आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावला, कापडात बांधलेलं बायबल उघडलं आणि यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय माझ्यापुढं धरला. बाबिलोनात धरून नेलेले इस्राएली लोक एक म्हण म्हणत: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. आम्ही भोगतोय ते आमच्या वाडवडिलांचं, असा तिचा अर्थ. देव संदेष्ट्याच्या तोंडून सांगतो की ही म्हण यापुढं तुमच्यात चालणार नाही; ज्याचं पाप त्याच्याच माथी, मुलाला बापाचं नाही. समोर ताटलीत नाशिकची द्राक्षं आणि पानावर ही ओळ. मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, बघा, तुमचं शास्त्रच सांगतंय. टीचरांनी काही न बोलता पुढची पानं उलटली आणि पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय काढला. “आता हेही वाच.” तिथं लिहिलं होतं की एका माणसामुळं पाप जगात शिरलं, पापामुळं मरण शिरलं, आणि ते सगळ्या माणसांपर्यंत पसरलं. एकाच पुस्तकात दोन्ही. टीचर म्हणाल्या, “मी चाळीस वर्षं दोन्ही वाचतेय.”

पुढचे काही आठवडे मी यातच होते. रात्री घरातलं आवरलं की वाचत बसायचे. पहिल्या माणसाचं पाप सगळ्यांना जन्मतःच लागतं, या ज्याला आदिपाप म्हणतात त्या विचाराला पक्कं रूप दिलं उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टिननं, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यानं स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिताना सोळाव्या वर्षीची एक चोरी सांगितली आहे. त्यांच्या द्राक्षमळ्याजवळ दुसऱ्याचं एक नासपतीचं झाड होतं. पोरांनी रात्री ते झोडपलं. फळं ना दिसायला चांगली ना चवीला, आणि घरी त्याहून चांगली होती. बहुतेक डुकरांना टाकली. चोरायची नुसती हौस म्हणून चोरली. हे वाचताना मी थांबले, कारण आबांनाही त्या नऊ फुटांची गरज नव्हती. आमचं रान तेव्हाही पुरेसं होतं. गरज नसताना हात पलीकडं जातो तो कुठून, हा ऑगस्टिनचा प्रश्न मला मनापासून पटला. त्यानं दिलेलं उत्तर मात्र गळ्याखाली उतरेना. त्याच्या हातात पौलाच्या पत्राचं लॅटिन भाषांतर होतं. त्यात त्या वाक्याचा शेवट “ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केलं” असा वाचला जाई, म्हणजे त्या पहिल्या माणसाच्या, आदामाच्या, पोटात आपण सगळे होतो आणि तिथंच दोषी झालो. मूळ ग्रीकमध्ये बहुतेक जाणकार “कारण सर्वांनी पाप केलं” असं वाचतात. शब्द केवढासा, आणि त्यानं पूर्व आणि पश्चिमेच्या चर्चच्या वाटा किती लांब नेल्या! पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणतात, आदामाकडून आपल्याला मरण आलं, दुबळेपण आलं, त्याचा दोष आला नाही. पश्चिमेत दोषही आला. इतका, की बाप्तिस्म्याविना गेलेलं तान्हं बाळही ऑगस्टिनच्या मते शिक्षेतून सुटत नाही, शिक्षा सौम्यातली सौम्य असली तरी.

मी हे टीचरांना सांगितलं आणि सांगताना जीभ चावायला हवी होती. त्या बराच वेळ ताटलीतल्या देठांशी चाळा करत राहिल्या. “माझं पहिलं तीन दिवसांचं गेलं,” त्या म्हणाल्या. “बाप्तिस्मा राहिला. या बाबतीत त्या माणसाचं मी ऐकत नाही.” मग उठून चहा टाकला. त्यांच्या ओट्याशी उभी राहून मला वाटलं की शतकानुशतकांचे धर्मपंडित एका बाजूला आणि ही बाई एका बाजूला असेल, तर मी हिच्याकडं. कॅथलिक चर्चच्या धर्मपंडितांच्या आयोगानंही २००७ साली लिहिलं की अशी बाळं वाचली असतील अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. टीचर प्रोटेस्टंट, त्यांना हे ठाऊक नव्हतं. सांगितलं तेव्हा नुसती मान हलवली. त्यांना ते कुणी सांगायला नको होतं.

पण म्हणून आदिपापाची कल्पना टाकून द्यावी असंही मला होईना. आमची बाग डॉगरिजच्या खुंटावर आहे. खाली रानटी वेलीचं मूळ, वर थॉमसनचं कलम. त्या खुंटाला खारं पाणी चालतं, ओढ सोसते, म्हणून तो लावायचा. कलम धरलं, वर गोड घड लागले, तरी जोडाच्या खालून रानटी फुटवे येत राहतात. पानं वेगळी, वाढ जोमदार. काढले नाहीत तर वेलीचा जोर तेच खातात. आबा दर वर्षी वाकून वाकून ते काढायचे. त्यांच्या अंगठ्याचं नख त्यानं काळं पडलेलं मला अजून दिसतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं १५४६ मध्ये ठरवलं की बाप्तिस्म्यानं आदिपापाचा दोष धुतला जातो, पण पापाकडची ओढ उरते, आणि तिच्याशी माणसानं जन्मभर झुंजायचं. वाचताना मला आबांचा अंगठा आठवला. बागेतला एकही फुटवा त्यांनी कधी राहू दिला नाही, आणि तोच माणूस नांगर घेऊन बांधापाशी पोचला की वीतभर पुढं जायचा.

गुड फ्रायडेला टीचरांबरोबर चर्चमध्ये गेले. बारा ते तीन उपासना असते. क्रुसावरून येशूनं काढलेले सात उद्गार, प्रत्येकावर एकेकानं बोलायचं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, बाहेर मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या, पंख्यांची घरघर. टीचरांचा उपास होता. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई हातरुमालानं स्वतःला वारा घालता घालता मध्येच मलाही घालत होत्या. पहिला उद्गार वाचला गेला: “हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.” पुढं बोलणाऱ्यानं खंडणी हा शब्द वापरला. मराठी बायबलात मार्काच्या शुभवर्तमानात तोच शब्द आहे, येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. आपल्या कानाला आता खंडणी म्हणजे गुंडाचा फोन. मूळ अर्थ गुलामाला सोडवायला मोजलेली रक्कम. शरणपुरात बसून तो शब्द ऐकणं वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रातल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशननं याच वस्तीत आणून ठेवली होती, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं होतं. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याच्या दफनाला हजर होता. रोज बसच्या पाटीवर वाचतो ते हे नाव. शरण आलेल्यांचं पूर.

सुटका झाली खरी, पण किंमत कुणाला मोजली, यावर ख्रिस्ती विचारवंत हजार वर्षं अडून बसले. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी म्हणाला, सैतानाला. माणूस त्याच्या तावडीत होता, आणि देवानं येशूचं माणूसपण गळाला लावून त्यालाच फसवलं. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या आन्सेल्मला हे पटलं नाही, सैतानाशी कसला व्यवहार? त्यानं मांडलं की पाप म्हणजे देवाचं थकलेलं देणं. देणं माणसाचं, फेडायची ऐपत फक्त देवाची, म्हणून देवच माणूस झाला. पुढं प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विननं ते कोर्टात नेलं, शिक्षा आपली, भोगली त्यानं. मला यातलं प्रत्येक गावाकडचं वाटत होतं. सावकार, देणं, जामीन राहिलेला माणूस. आणि प्रत्येकात एकच खडा दाताखाली येत होता. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय कुठला? आन्सेल्मच्या पाठोपाठ आलेल्या आबेलार्डलाही तेच खटकलं होतं, निरपराधाच्या रक्तानं देव समाधान कसा पावेल? तो म्हणाला, क्रूस हे प्रेम आहे, ते बघून माणूस पालटतो. ऐकायला सुंदर आहे. पण बघून पालटलं म्हणून बांध जागेवर जात नाही.

प्रायश्चित्त हा शब्द आम्हा नाशिककरांना नवा नाही. प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय, अशी त्याची जुनी फोड सांगतात. आमची नदीच प्रायश्चित्तातून आली. गौतम ऋषींच्या शेतात गाय शिरली, त्यांनी दर्भाच्या काडीनं हाकलली, ती पडली आणि मेली. गाय कपटानं पाठवलेली होती, कपट इतरांचं होतं. तरी गोहत्येचं तप गौतमांनी ब्रह्मगिरीवर केलं, आणि गोदावरी उतरली. लहानपणापासून ऐकलेली कथा, पण कपट एकाचं आणि तप दुसऱ्याचं, हे मला यंदा पहिल्यांदा दिसलं. लागोपाठ दोन वर्षं गारपिटीनं बाग झोपली तेव्हा आईनं त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घेतला. तीन दिवस. पितरांचं काही राहिलं असेल तर वंशजांनी फेडायचं. कणकेचा देह करून त्याचे अंत्यविधी करतात; दादाचे हात थरथरत होते ते मी बघितलं. सगळं मनोभावे झालं. तीन दिवसांत बांधाचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. परतताना पंचवटीत काळारामाला थांबलो होतो. याच दारांतून दलितांना आत जाता यावं म्हणून २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला आणि तेव्हा ती उघडली गेली नाहीत. ज्यांनी दारं लावली त्यांतलं आज कुणी नाही, आणि आमच्यासारख्यांच्या घरांना ती कधी बंद नव्हती. मी सहज आत गेले, घंटा वाजवली, तीर्थ घेतलं. तेव्हाही काही जाणवलं नव्हतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी आम्ही घरी बसलो. दादा आधी ऐकतच नव्हता. अँगल आपले, तारा आपल्या, ठिबक आपलं, कलमं आपण भरली, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि खोटं काहीच नव्हतं. शेवटी आई म्हणाली, “रान आपलं नव्हतं.” बस्स. आम्ही तिघं काकूंकडं गेलो. ओळ आहे तशी, मांडवासकट सोडतो म्हणालो. काकूंच्या मुलानं वही काढली. अकरा वर्षं, वर्षाला दहाएक क्विंटल, त्या त्या सालचा भाव. त्याच्याआधीचा कांदा वेगळा. त्यानं बेरीज वाचली तेव्हा दादाचा चेहरा उतरला. आकडा चुकीचा नव्हता, आणि तेवढे आमच्याकडं नव्हते. काकू चुलीशी होत्या, तिथूनच म्हणाल्या, “मागचं ऱ्हाऊ दे.” मुलगा काही बोलायला गेला तर पुन्हा म्हणाल्या, “म्हनलं ना, ऱ्हाऊ दे.” त्याचं तोंड एवढंएवढंसं झालं.

त्या घराच्या भिंतीला पावसाचं पाणी झिरपून पोपडे आले होते. त्यांच्या मुलीचं लग्न कर्ज काढून झालं, ते पाच वर्षं फिटत होतं, हे सगळ्या गावाला माहीत. मी त्या पोपड्यांकडं बघत बसले. मागचं राहू दे म्हटल्यानं मागचं नाहीसं झालं नव्हतं. ते त्या भिंतीत होतं, त्या कर्जाच्या हप्त्यांत होतं. आमच्याकडून ते उचलून त्यांनी स्वतःच्या घरात ठेवून घेतलं होतं, आणि मुलानं त्यात आपला वाटा गिळला होता. गुड फ्रायडेला तीन तास बसून मला जो तिसरा माणूस दिसत होता, दोघांच्या मध्ये विनाकारण मार खाणारा, तो इथं कुठंच नव्हता. ज्याचं गेलं, तोच ते सोसत होता. ख्रिस्ती माणूस क्रुसावर देवच आहे असं म्हणतो ते का म्हणतो, हे मला त्या चुलीपाशी पहिल्यांदा थोडं कळलं. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. पण कळलं ते कळलं. त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि धरवेनात. पाया पडून मी मोकळी झाले असते, आणि इतक्यात मोकळं व्हायचा मला हक्क नव्हता.

टीचरांना सांगितलं तेव्हा त्यांनी इंग्रजी शब्दाची फोड सांगितली. ॲटोनमेंट. विल्यम टिंडेलनं १५२६ च्या आपल्या इंग्रजी नव्या करारात समेटासाठी तो वापरला होता. ॲट, वन, मेंट. एक होणं. “मग त्या आता तुमच्याकडं येतात का?” त्यांनी विचारलं. येत नव्हत्या. आम्हीही त्यांच्याकडं जात नव्हतो. रस्त्यात भेटल्या तर आई आणि त्या पावसापाण्याचं बोलत, एवढंच.

खरड छाटणी झाली. काकूंच्या मुलानं आपली ओळ स्वतः छाटली, आमच्या मजुरांच्या आधी दोन दिवस. मे महिन्यात मी गावी गेले तेव्हा त्या ओळीवर कोवळी फूट हातभर आली होती. दुपारी दादाबरोबर बागेत फिरत होते. विहिरीवरची मोटर चालू होती. फक्कीची रेघ केव्हाच मातीत मिसळली होती, तिच्या जागी दोन दगड रोवलेले. मी वाकून बघितलं तर दगडाच्या पलीकडच्या ओळीतही ठिबकचे थेंब पडत होते. प्रत्येक बुंध्याशी ओला, काळा गोल. त्या ओळीचा व्हॉल्व्ह आमच्याकडंच होता, बंद करायला हात वळवायचा अवकाश. काकूंच्या विहिरीनं एप्रिलमध्येच तळ गाठलेला.

मी दादाकडं बघितलं. त्यानं टोपी काढून घाम पुसला.

“ऊन बघ किती पडलंय,” तो म्हणाला, आणि पुढच्या ओळीतले फुटवे काढायला खाली बसला.